प्रेशर असल्याशिवाय चांगलं काम होत नाही, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचे मॅनेजर म्हणतात, "प्रेशर असल्याशिवाय परफॉर्मन्स येत नाही, हे मानसशास्त्रानं सिद्ध केलंय." आणि तुम्हाला रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, रात्री झोप नाही, महिन्याचं टार्गेट गाठलं तरी धडधड जात नाही. खरं काय आणि नोकरी सोडू का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात एकवीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीचं काम करतोय. पण तुमच्या मॅनेजरांचं हेच वाक्य मी शिरोली एमआयडीसीत उभ्या उभ्या ऐकलंय, त्यावर मान डोलावलीय आणि त्यातून जे झालं ते अजून माझ्या मनातून जात नाही. म्हणून लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. तुमच्या मॅनेजरांचं चुकतंय. भीती घातली की माणूस चूक लपवायला शिकतो, आणि मग चूक दिसेना झाली की वरच्यांना वाटतं काम सुधारलं.

२०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या कंपनीत नवे प्लँट हेड आले. माणूस हुशार होता, कामाला वाघ होता, हे आजही मानतो. त्यांनी पहिल्याच महिन्यात शॉपच्या दारात पांढरा बोर्ड लावला. शिफ्टवार रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, त्याची टक्केवारी आणि पुढं माणसाचं नाव. सकाळी सव्वानऊला बोर्डासमोर मीटिंग, सगळे उभे. ज्याचं रिजेक्शन सगळ्यात जास्त, त्यानं ते खराब कास्टिंग, म्हणजे ओतलेला पीस, हातात धरून पुढं यायचं आणि कारण सांगायचं. बोलणं संपेपर्यंत कास्टिंग खाली ठेवायचं नाही. आमच्याकडचा सगळ्यात जड पीस अकरा किलोचा होता. पाच मिनिटांनी हात थरथरायला लागतात, मग माणूस काय बोलतोय याकडं कुणाचं लक्ष नसतं, सगळे हाताकडं बघतात.

तीन महिन्यांत रिजेक्शन नऊ टक्क्यांवरून साडेपाचवर आलं. पेढे वाटले. मी क्वालिटीचा माणूस, मला तरी कळायला हवं होतं की वाळू तीच, भट्टी तीच, पॅटर्न तेच, मग हे साडेतीन टक्के गेले कुठं? कास्टिंग घासून साफ करणारे फेटलिंगवाले ब्लोहोलमध्ये, म्हणजे हवेनं पडलेल्या भोकांत, लांबी भरून वरून ग्राइंडर मारत होते. रात्रपाळीचे खराब पीस मोजायच्या आधीच परत भट्टीत जात होते. मला यातलं निम्मं माहीत होतं. पण बोर्डावर शेवटच्या ओळीत माझंही नाव होतं.

आता मे महिन्यातली ती रात्र. एसजी आयर्न, म्हणजे जास्त ताकदीचं ओतीव लोखंड, ओतायच्या आधी वितळलेल्या लोखंडाला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट देतात. त्यामुळं आतलं ग्राफाइट गोळीसारखं गोल होतं आणि कास्टिंगला ताकद येते. पण हे मॅग्नेशियम टिकत नाही, मिनिटामिनिटाला उतरत जातं. आमच्याकडं ट्रीटमेंटपासून शेवटचा मोल्ड, म्हणजे साचा, ओतेपर्यंत आठ मिनिटांची मर्यादा होती. वेळ गेली तर लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या बादलीतला, माल मोल्डमध्ये ओतायचा नाही, पिग करायचा, म्हणजे ठोकळे पाडून पुन्हा वितळवायला ठेवायचे. नियम साधा आहे, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही.

त्या रात्री ट्रीटमेंट झाली आणि क्रेन अडकली. भट्टीवर पन्हाळा तालुक्यातला एक पोरगा होता, तेवीस-चोवीस वर्षांचा, हात फार चांगला. इलेक्ट्रिशियन येऊन क्रेन हलेपर्यंत अकरा मिनिटं झाली. अर्धा टन माल. पिग केला असता तर सकाळी बोर्डावर त्याचं नाव सगळ्यात वर लागणार, आणि आधीच्या आठवड्यात तो दोनदा पुढं उभा राहिला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंडाला गमछा बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. मी घड्याळाकडं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. त्यानं ओतलं.

पुढचं त्याहून वाईट आहे. मायक्रोस्कोपच्या तपासणीसाठी नमुना लॅडलच्या शेवटच्या मोल्डमधून घ्यायचा असतो, कारण बिघाड असला तर तिथं दिसतो. मी आधीच्या लॅडलचा नमुना पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला, नोड्युलॅरिटी, म्हणजे गोल ग्राफाइटचं प्रमाण, नव्वद टक्के लिहिली आणि सही केली. त्या दिवशी मी खोटं लिहिलं. त्याआधीच्या पंधरा वर्षांत एकही आकडा खोटा लिहिला नव्हता.

तीन आठवड्यांनी चाकणहून फोन आला. ग्राहकाच्या मशीनिंगला पीस तडकला. ट्रॅक्टरच्या ब्रेकचं ब्रॅकेट होतं ते. रस्त्यावर जाऊन तडकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही मध्येच येतो. मी आणि एक हेल्पर चाकणला गेलो आणि दोन दिवस उन्हात बसून ४१२ पीस वाजवून बघितले. छोटी हातोडी, पीस तारेला टांगायचा, टोला मारायचा. चांगला पीस घंटेसारखा लांब वाजतो. खराब पीस बद्द वाजून गप्प होतो. पहिल्या तासाभरातच सदतीस बद्द निघाले. तो आवाज ऐकताना मला कळत होतं, यातला एकेक पीस माझ्या सहीनं इथवर आलाय.

परत आलो. सकाळच्या मीटिंगला त्या पोराला पुढं बोलावलं. हातात तोच तडकलेला पीस. "वेळ गेलेली माहीत होती ना? मग ओतलंस कशाला?" तो काही बोलला नाही. माझं नाव घेतलं नाही. मी दुसऱ्या ओळीत उभा होतो आणि मीही बोललो नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानं काम सोडलं.

तुमचा प्रश्न कामगिरीचा आहे म्हणून हे सांगितलं. आकड्यात बघितलं तर त्या रात्री आमची शिफ्ट बोर्डावर सगळ्यात चांगली होती.

त्यानंतर माझं सुरू झालं. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. कामावर जाताना तावडे हॉटेलच्या चौकात गाडी बाजूला घेऊन थांबायचो, कारण पूल ओलांडायच्या आधी हाताला घाम सुटायचा आणि क्लच नीट धरता यायचा नाही. छातीत धडधड वाढली म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल. चिडचिड इतकी, की पोरीनं वहीवर पाणी सांडलं म्हणून मी तिच्यावर ओरडलो आणि ती पाण्यासकट वही उचलून शेजारच्यांकडं जाऊन बसली. शिफ्ट नऊ तासांची, पण मी स्टाफमध्ये, त्यामुळं ओव्हरटाइम नाही आणि घरी जायची वेळही नाही. सोमवारची सुट्टी सोडून सहा दिवस, आठवड्याला सरासरी सहासष्ट तास भरत होते. पुढं २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मिळून केलेला अभ्यास आला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. ते वाचल्यावर मी माझ्या जुन्या डायऱ्या काढून तास मोजले होते.

माझ्या थोरल्या भावाचं म्हणणं वेगळं. दादानं साखर कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली, तरुणपणी गंगावेशीत तालमीत होता. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तालमीत घातला असता तुला, तर असली थेरं सुचली नसती. आमी बॉयलरफुडं उभं राहून दिवस काढलेत, आमाला न्हाई कधी टेन्शन आलं." हे वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवलं असेल. नसेल तर ऐकवतील.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेला महापूर, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, कंपनी बंद. आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी आलं तेव्हा आम्ही राजारामपुरीत सासऱ्यांच्या घरी गेलो. एका खोलीत नऊ माणसं, लाइट नाही, प्यायला पाणी टँकरचं, घरात पाणी शिरलं की नाही याची खबर नाही. आणि मला झोप लागत होती. रात्री दहाला पडलो की सकाळी सातला उठत होतो. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "गाव बुडालंय आणि तुम्ही दोन महिन्यांत पहिल्यांदा झोपताय. हे मला बरं लक्षण वाटत नाही." रस्ता सुरू झाल्याची बातमी आली त्या रात्री पुन्हा पहाटे तीनला जाग आली. तेव्हा मला मान्य करावं लागलं. पाणी ओसरल्यावर तिनंच मला मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं.

त्यांनी आधी थायरॉइड, बी-१२, साखर, बीपी तपासून घेतलं, मग सावकाश ऐकून घेतलं. त्यांनी विचारलेला एक प्रश्न मी विसरत नाही. "काम किती आहे ते सांगितलंत. त्यातलं काय तुमच्या हातात आहे?" मला उत्तर देता आलं नाही. क्रेन माझ्या हातात नाही, डिस्पॅचची तारीख नाही, पिग करायचं की नाही हेसुद्धा कागदावर माझ्या हातात आणि बोर्डामुळं नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९७९ मध्ये हेच मांडलंय. कामाचा बोजा मोठा आणि त्यावरचा ताबा कमी, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पोखरते. बोजा मोठा पण ताबाही हातात असेल तर माणूस शिकतो, तयार होतो.

दादा, वहिनी तुला हे नक्की वाचून दाखवतील, म्हणून इथंच लिहितो. तुमचा वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी तयार पैलवानाच्या अंगावर सोडायचा का? तो जोड बघायचा. वजन बघायचा, वय बघायचा, मेहनत किती झालीय ते बघायचा. जोर-बैठका झाल्या की मालिश, थंडाई, मग झोप. झोपेतून कुणी उठवलं तर वस्ताद उठवणाऱ्याला शिव्या द्यायचा, हे तूच सांगितलंयस. आणि खासबागेत कुस्ती हरलेल्याला दुसऱ्या दिवशी सगळ्या तालमीसमोर उभं करून हातात गदा धरायला लावायचे का? वस्ताद त्याला बाजूला घेऊन डाव कुठं चुकला ते करून दाखवायचा. कारखान्याचंही तेच. गळीत हंगामात तू सोळा सोळा तास काढलेस, खरं आहे, पण पट्टा पडला की ऑफ-सीझन होता. तू चार महिने शेतात होतास, आम्हा पोरांना घेऊन जोतिबाला पायी जात होतास. आमच्या बोर्डाला पट्टा पडत नव्हता. मी कमजोर होतो म्हणून मोडलो असं तुला वाटतं. मला वाटतं, तालमीत जे शहाणपण होतं ते कारखानदारीनं घेतलंच नाही.

आता तुमच्या मॅनेजरांच्या "सिद्ध केलंय"बद्दल. आमच्या प्लँट हेडनीही ट्रेनिंगला तो डोंगरासारखा आलेख दाखवला होता. ताण वाढेल तशी कामगिरी चढते, मग उतरते, आणि "आपल्याला टोकावर राहायचंय". तो आलेख ज्याच्या नावावर सांगतात तो प्रयोग यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केला. काळा आणि पांढरा कप्पा ओळखायला शिकवायचं, चुकला की विजेचा झटका. फरक सहज दिसत होता तेव्हा जोराच्या झटक्यानं उंदीर लवकर शिकले. फरक ओळखायला अवघड केला तेव्हा जोराच्या झटक्यानं त्यांचं बिघडलं, हलका झटका बरा ठरला. माणसांच्या ऑफिसातली कामगिरी या प्रयोगात कुठंच नाही, ती पुढच्या लोकांनी जोडली. आणि प्रयोग मानायचाच तर पूर्ण मानावा. काम जितकं डोक्याचं, तितका झटका हलका हवा. वाळूच्या गोण्या उचलायला धाक चालेलही. मायक्रोस्कोपमध्ये बघून खरा आकडा लिहायला धाक चालत नाही.

आमच्याच क्षेत्रातले डेमिंग, ज्यांचं प्लॅन-डू-चेक-ॲक्टचं चक्र बऱ्याच क्वालिटी ऑफिसांच्या भिंतीवर लावलेलं असतं, त्यांच्या चौदा मुद्द्यांतला आठवा मुद्दा आहे: भीती हद्दपार करा. आमच्या ऑफिसात चक्र होतं, आठवा मुद्दा कुणी वाचला नव्हता, मीही नाही. आणि हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंना १९९० च्या दशकात दिसलं होतं की चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या, कारण तिथल्या नर्स चूक झाली तर बोलत होत्या. हे वाचलं तेव्हा मला आमचे ते साडेपाच टक्के आठवले.

मी औषध सात महिने घेतलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं कमी करत बंद केलं. सप्टेंबरमध्ये प्लँट हेडच्या केबिनमध्ये जाऊन नमुन्याचं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता हे वर नको जाऊ दे." मार्चमध्ये मी नोकरी सोडली. आता गोकुळ शिरगावला एका छोट्या फाउंड्रीत आहे. तिथं बोर्ड आहे, पण त्यावर नावं नाहीत, ट्रीटमेंटची आणि शेवटच्या मोल्डची वेळ आहे. पिग करायचं की नाही हे ओतणारा ठरवतो, त्याला कुणी कारण विचारत नाही. पहिले दोन महिने रिजेक्शन वाढलं, मालक घाबरले होते, मीही. मग हळूहळू खाली आलं, आणि या वेळी मला माहीत होतं ते का आलं.

त्या पोराचा नंबर माझ्याकडं आहे. दोनदा फोन केला, उचलला नाही. मेसेजमध्ये माफी मागणं मला बरं वाटत नाही. त्याच्या गावी जायचं राहिलंय.

नोकरी सोडू का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. माझ्या बायकोची शाळेत नोकरी होती म्हणून मला सोडता आली. तुमच्यावर घराचा हप्ता असेल, घरात एकटेच कमावते असाल तर आधी दुसरं बघा, मग सोडा. आणि सगळा ताण वाईट असंही माझं म्हणणं नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी मलाही धावपळ होते, ती ऑडिट संपलं की जाते. तुमचं टार्गेट झाल्यावरही जात नाही, एवढाच फरक आहे, पण तो मोठा आहे. तुमचे मॅनेजर वाईट आहेत असंही नाही, त्यांच्याही डोक्यावर कुणाचा तरी बोर्ड असेल. त्यांच्याशी बोलायचं असेल तर "मला त्रास होतोय"पासून सुरुवात करू नका, "या कामातलं एवढं एवढं मला ठरवू द्या"पासून करा. मी स्वतः हे केलंच नव्हतं, म्हणून सांगतोय.

डॉक्टरांकडं मात्र थांबू नका. खर्चाची किंवा ओळखीची अडचण असेल तर सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जगणंच नको वाटायला लागलं असेल तर आजच, आत्ता लावा, आणि घरातल्या एकाला तरी सांगा. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका, डॉक्टरांनी दिलेली परस्पर बंदही करू नका.

जायच्या आधी दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा: रात्री किती वाजता जाग आली, पोटात गोळा कधी आला, तेव्हा कुठलं काम डोक्यात होतं, आणि सुट्टीच्या कुठल्या दिवशी तो आला नाही. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील, आणि तिथं बसल्यावर आठवत नाही.